बाळाच्या डायपरमधील रंग : बालत्वचारोग विभागातील कामाचा अनुभव

एकदा वापरून टाकून द्यायच्या डायपरमध्ये जे घटक असतात, त्यांतील बहुतेकांना बाळाच्या दृष्टीने काही ना काही काम असते. ओल शोषणारा थर काढला तर डायपरचा उपयोगच संपतो, मांडीजवळचे इलॅस्टिक काढले तर गळती होते, बाहेरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा काढला तर अंथरूण भिजते. रंगाचे मात्र तसे नाही. कंबरेवरचे ससे आणि अस्वले, आतल्या थरातील निळसर किंवा हिरवट झाक, मुलासाठी एक आणि मुलीसाठी दुसरी अशी छटा, हे सारे विकत घेणाऱ्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांसाठी असते आणि ते नसल्याने बाळाचे काहीही अडत नाही. बालत्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात दीर्घकाळ काम केलेल्या चिकित्सकांना व परिचारिकांना या साध्या गोष्टीचे मोल कामातूनच कळत जाते, कारण ज्या घटकाचा त्याग करताना कोणाचीही गैरसोय होत नाही, तो घटक संशयित म्हणून सर्वांत आधी बाजूला काढता येतो. मग त्यामुळे होणारा आजार विरळ असला तरीही.

डायपरची रचना समजून घेतल्याशिवाय रंग त्वचेला कुठे भिडतो हे सांगता येत नाही. बाळाच्या अंगाला लागणारा सर्वांत आतला पदर बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या न विणलेल्या, म्हणजे धागे एकमेकांवर दाबून व वितळवून केलेल्या, कापडाचा असतो. त्याच्याखाली लघवी चटकन खेचून पसरवणारा पातळ थर असतो, त्याखाली लाकडाच्या लगद्याचा कापूस आणि सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट या अतिशोषक पदार्थाचे कण असलेला गाभा असतो, आणि सर्वांत बाहेर पाणी अडवणारा पॉलिएथिलीनचा पापुद्रा असतो, ज्यावर हल्ली कापडासारखा मऊ पदर चिकटवलेला आढळतो. चित्रे या बाहेरच्या पापुद्र्यावर छापलेली असतात, त्यामुळे त्यांतील रंगाचा त्वचेशी थेट संबंध कमी येतो. परंतु कंबरपट्टा दुमडला जातो तेथे, मांडीची कड उलटते तेथे, आणि बाळ पाय पोटाशी घेऊन झोपते तेव्हा, बाहेरची बाजूही कातडीला घासते. आतल्या खेचक थराला रंगाची झाक दिलेली असेल तर प्रश्न अधिक गंभीर होतो, कारण तेथे रंग, ओल, ऊब आणि घर्षण ही चारही कारणे एकाच जागी तासन् तास एकत्र येतात.

रंग म्हटल्यावर सगळे रंग एकाच माळेत ओवणे योग्य नाही. रसायनशास्त्रात ज्यांना रंगद्रव्ये किंवा पिगमेंट म्हणतात ते पाण्यात व तेलात विरघळत नाहीत, कणांच्या रूपात पृष्ठभागावर किंवा प्लॅस्टिकमध्ये अडकून राहतात आणि म्हणून त्वचेत शिरण्याची त्यांची शक्यता कमी असते. पांढरेपणा देणारे टायटॅनियम डायऑक्साइड किंवा छपाईच्या शाईतील थॅलोसायनिन निळा ही त्याची उदाहरणे होत. याउलट डिस्पर्स रंग नावाचा एक वर्ग आहे, जो पाण्यात विरघळत नाही पण अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने पसरतो, ज्याचे रेणू लहान व स्निग्धात मिसळणारे असतात, आणि जो पॉलिएस्टरसारख्या कृत्रिम धाग्यात शिरून बसतो खरा, पण त्या धाग्याशी रासायनिक बंध जोडत नाही. घाम व घर्षण मिळाले की त्याचा काही अंश धाग्यातून सुटून कातडीवर येऊ शकतो. यांतील निळा १०६ आणि निळा १२४ हे दोन रंग कापडामुळे होणाऱ्या अ‍ॅलर्जीसाठी विशेष कुप्रसिद्ध आहेत, आणि अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचादाहाचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांच्या संस्थेने २००० या वर्षाचा अ‍ॅलर्जीकारक पदार्थ म्हणून डिस्पर्स निळ्या रंगांचीच निवड केली होती. तिसरा प्रकार म्हणजे डायपर ओला झाल्याचे दाखवणारी पिवळी रेघ. तिच्यात ब्रोमोफिनॉल ब्लूसारखा दर्शक वापरतात, जो तीव्र आम्लात पिवळा असतो आणि आम्लता उतरली, म्हणजे सामू ३ वरून ४.६ च्या पुढे गेला, की निळा होतो. लघवी त्याहून पुष्कळ कमी आम्ल असल्याने ओल पोहोचताच रेघेचा रंग पालटतो. ही रेघ पापुद्र्याच्या आतल्या बाजूला चिकट द्रव्यात बांधलेली असते. रंगाच्या सर्व उपयोगांपैकी काही अर्थ असलेला उपयोग हाच एक म्हणता येईल, पण हात लावून ओल तपासणाऱ्या घराला त्याचीही गरज पडत नाही.

विभागात येणाऱ्या बाळांपैकी बहुसंख्य बाळांच्या चट्ट्यांचा रंगाशी काहीही संबंध नसतो, हे आधीच स्पष्ट केले पाहिजे. विष्ठेतील युरिएज हे विकर लघवीतील युरियापासून अमोनिया तयार करते, त्यामुळे त्वचेची स्वाभाविक आम्लता ढळते, आणि प्रथिने व स्निग्ध पदार्थ पचवणारी विष्ठेतील इतर विकरे त्या बदललेल्या परिस्थितीत अधिक जोमाने काम करून ओलीने आधीच फुगलेल्या कातडीचा वरचा थर झिजवतात; हा क्षोभक दाह होय, आणि तो डायपर वेळेवर न बदलल्याने, जुलाब लागल्याने किंवा दात येण्याच्या काळात पोट बिघडल्याने वाढतो. त्याच्यावर पुष्कळदा कँडिडा या बुरशीची भर पडते. अ‍ॅलर्जी ही या दोन्हींहून वेगळी प्रक्रिया आहे. तिच्यात शरीराच्या प्रतिकारसंस्थेला एखाद्या पदार्थाची ओळख पटायला दहा दिवसांपासून कितीतरी अधिक काळ लागतो आणि ती ओळख एकदा पटली की पुढच्या प्रत्येक संपर्कानंतर एक ते तीन दिवसांत दाह उमटतो. म्हणूनच ‘हाच ब्रँड तर आम्ही चार महिने वापरतोय, तेव्हा काही झालं नाही’ हे आईचे बोलणे तर्काला धरून असले तरी अ‍ॅलर्जी नाकारायला पुरेसे ठरत नाही.

मग फरक ओळखायचा कसा, तर आकारावरून. या कामाचे सगळे कौशल्य चट्ट्याच्या सीमारेषा वाचण्यात आहे. क्षोभक दाह उंचवट्यांवर दिसतो, नितंब, मांड्यांचा वरचा भाग आणि ओटीपोट येथे कातडी लाल व चकचकीत होते, पण जांघेच्या घडीचा तळ बहुधा सुटतो; बुरशी नेमकी त्या घडीत शिरते आणि मुख्य चट्ट्याच्या आजूबाजूला बारीक पुळ्यांची विखुरलेली नक्षी सोडते. अ‍ॅलर्जीचा चट्टा मात्र शरीराच्या रचनेपेक्षा डायपरच्या रचनेचे अनुकरण करतो. फ्रान्समधील बोर्दो येथील त्वचारोगतज्ज्ञांनी १९९८ साली अशा बाळांचे वर्णन केले, ज्यांच्या दोन्ही कुल्ह्यांवर आणि नितंबांच्या बाहेरच्या बाजूला, बंदुकीचे म्यान लटकावे त्या जागी, दाह होता. त्यांनी त्याला ‘लकी ल्यूक’ या चित्रकथेतील गोपालकाचे नाव दिले आणि कारण म्हणून डायपरमधील रबरी घटकांकडे बोट दाखवले. पुढे २००५ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील तीन डॉक्टरांनी ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात पाच बाळांचा वृत्तान्त दिला, ज्यांच्या डायपरच्या जागेवरील दाहाचा संबंध निळ्या, गुलाबी व हिरव्या रंगांशी लागला आणि जी रंगविरहित डायपर वापरू लागल्यावर बरी झाली. पाच ही संख्या लहान आहे. तरीही उपचार काय, तर रंग काढणे, इतक्या सरळपणे कारण व परिणाम जोडून दाखवणारे वृत्तान्त वैद्यकात नेहमी सापडत नाहीत, आणि त्या पाच बाळांनी पुढच्या अनेक चिकित्सकांना काय पाहायचे ते शिकवले.

या परदेशी वर्णनांचा महाराष्ट्रातील विभागात उपयोग करताना दोन दुरुस्त्या कराव्या लागतात. पहिली कातडीच्या वर्णाची. सावळ्या बाळाच्या अंगावर लाली पुस्तकातल्या छायाचित्राइतकी लाल दिसत नाही, ती जांभळट, तपकिरी किंवा नुसती काळवंडलेली दिसते, आणि ज्याने लाल चट्टा शोधायचा एवढेच मनात धरले आहे त्याला ती दिसतही नाही. अशा वेळी बोटांच्या टोकांना लागणारा खरखरीतपणा, बारीक पुरळाचा उठाव आणि बाळाचे खाजेने पाय एकमेकांवर घासणे यांवर विसंबावे लागते. दुसरी दुरुस्ती डायपरच्या घाटाची. आपल्याकडे बाजूला चिकटपट्ट्या असलेल्या डायपरपेक्षा चड्डीसारखा चढवायचा डायपर अधिक खपतो, त्याचे इलॅस्टिक कंबरेभोवती सर्व बाजूंनी फिरते, त्यामुळे कुल्ह्यांवरच्या दोन ठिगळांऐवजी कंबरेभोवतीचा अखंड पट्टा दिसू शकतो, आणि तो पाहून घरचे लोक ‘करदोट्यानं काचलं’ असे समजून करदोटा काढून ठेवतात. खाली मांडीच्या वेढ्यातही तसाच पट्टा असला, तर करदोट्याचे कारण बाद होते आणि इलॅस्टिक, चिकट द्रव्य व रंग हे तिघे संशयित उरतात.

आकार वाचण्याच्या या कामात सर्वांत मोठा अडथळा येतो तो मेडिकलच्या दुकानातून आणलेल्या ट्यूबचा. स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक अशी तिन्ही औषधे एकत्र असलेले मलम शेजारणीच्या किंवा दुकानदाराच्या सांगण्यावरून लावले जाते, दोन दिवसांत चट्टा मावळतो, मलम थांबवताच परत येतो, आणि बाळ विभागात पोहोचते तेव्हा मूळ सीमारेषा पुसून गेलेल्या असतात. डायपरखालच्या बंदिस्त उबेत असे मलम उघड्या कातडीपेक्षा कितीतरी अधिक शोषले जाते, कातडी पातळ होते, आणि फार दिवस लावल्यास त्याचे परिणाम बाळाच्या साऱ्या शरीरावर होऊ शकतात. म्हणून या एका गोष्टीबद्दल विभागातील अनुभवी परिचारिका कधी नव्हे इतक्या कठोरपणे बोलतात. त्यानंतर येतात ओले पुसणे, म्हणजे वाइप्स. त्यांतील मिथाइलआयसोथायाझोलिनोन या परिरक्षकाला २०१३ साली तोच ‘वर्षाचा अ‍ॅलर्जीकारक’ हा मान मिळाला होता, आणि त्याच्यामुळे झालेला दाह डायपरच्या जागेबरोबरच तोंडाभोवती व पुसणाऱ्या माणसाच्या बोटांवरही आढळतो. त्यामुळे चौकशीत डायपरच्या आधी वाइप्सचे पाकीट मागितले जाते. मग तेल कोणते, पावडर कोणती, कपडे कशाने धुता, असे प्रश्न येतात, आणि ‘ताई, बाळाला रोज कोण स्वच्छ करतं?’ हा प्रश्न सर्वांत फलदायी ठरतो, कारण केसपेपरवर नाव आईचे असले तरी उत्तर पुष्कळदा शेजारी बसलेल्या आजींना ठाऊक असते.

संशय पक्का करण्याची मान्य पद्धत म्हणजे पॅच टेस्ट, जिचा पाया यादासोन या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने १८९५ साली घातला. संशयित पदार्थांचे ठरावीक तीव्रतेचे नमुने छोट्या चकत्यांत भरून पाठीवर ४८ तास चिकटवतात, काढल्यावर एकदा आणि पुढे आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात, आणि संशयित वस्तूचा तुकडाही तसाच लावून बघता येतो. मोठ्या माणसाच्या बाबतीत ही पद्धत उत्तम. पण सहा महिन्यांच्या बाळाची पाठ लहान, ते लोळते, घामेजते, आणि त्या वयात नुसत्या क्षोभाने उमटलेली लाली अ‍ॅलर्जी समजली जाण्याचा धोका असतो, शिवाय नेमका रंग कोणता हे ठाऊक नसल्यामुळे कोणता नमुना लावायचा हेही ठरवता येत नाही. म्हणून विभागात व्यवहार असा पडला आहे की रंगविरहित डायपर किंवा पांढरा सुती लंगोट दोन-तीन आठवडे वापरायचा, त्या काळात वाइप्सऐवजी कोमट पाणी व मऊ फडके वापरायचे, झिंक ऑक्साइडचे साधे मलम जाड थरात लावायचे, आणि कातडी पूर्ववत झाल्यावर एका वेळी एकच वस्तू परत आणायची. या शेवटच्या अटीवर सगळे अवलंबून आहे. चिंतेने ग्रासलेले कुटुंब डायपर, साबण, तेल आणि धुण्याची पावडर एकाच दिवशी बदलते, बाळ बरे होते, आणि नेमके कशाने बरे झाले हे कायमचे अज्ञात राहते, ज्याची किंमत दुसऱ्या खेपेला मोजावी लागते.

सुरक्षित पर्याय निवडताना वेष्टनावरील गोड शब्दांवर भिस्त ठेवता येत नाही. ‘नैसर्गिक’, ‘सौम्य’, ‘त्वचातज्ज्ञांनी तपासलेले’ यांपैकी एकाही शब्दातून रंग आहे की नाही हे कळत नाही. अ‍ॅलर्जीची शक्यता कमी असल्याचा दावा करणाऱ्या ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ या शब्दाचा इतिहास तर बोलका आहे: अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७५ साली सौंदर्यप्रसाधनांपुरता त्याच्या वापराला चाचणीची अट घालणारा नियम केला, उत्पादक न्यायालयात गेले, १९७७ साली तो नियम रद्द झाला, आणि तेव्हापासून तेथे त्या शब्दाला कायदेशीर व्याख्या नाही. त्यामानाने कापडासाठीचे ओएको-टेक्स १०० हे प्रमाणपत्र अधिक भरवशाचे, कारण तीन वर्षांपर्यंतच्या बालकांच्या वस्तूंसाठी त्यात सर्वांत कडक वर्ग आहे, अ‍ॅलर्जीकारक ठरलेल्या डिस्पर्स रंगांना त्यात मज्जाव आहे, आणि घाम व लाळ यांत रंग टिकतो का हेही त्यात तपासले जाते. घरी करता येण्याजोगी एक खूणगाठ आहे: पांढरे सुती फडके कोमट पाण्यात भिजवून डायपरच्या रंगीत भागावर जोराने चोळायचे, आणि त्यावर जरासाही रंग उतरला तर ते पाकीट वापरायचे नाही. रंग उतरला नाही म्हणजे वस्तू निर्धोक ठरली असे नाही, पण उतरला तर आणखी पुराव्याची वाट पाहण्याचे कारण राहत नाही.

डायपर सोडून कापडाकडे वळणाऱ्या पालकांची एका ठिकाणी फसगत होते, आणि ती अनेकांच्या लक्षात येत नाही. पुन्हा पुन्हा वापरायचे जे आधुनिक कापडी डायपर मिळतात, त्यांचे बाहेरचे जलरोधक आवरण बहुधा पॉलिएस्टरचे असते व त्यावर पॉलियुरेथेनचा पापुद्रा चढवलेला असतो. आणि पॉलिएस्टर रंगवायला मुख्यत्वे डिस्पर्स रंगच लागतात. म्हणजे डायपरमधील रंग टाळण्यासाठी घेतलेले गडद निळे, फुलाफुलांचे कापडी आवरण बाळाला त्याच रंगवर्गाच्या जवळ नेऊ शकते. सुती कापड बहुधा रिअ‍ॅक्टिव्ह रंगांनी रंगवतात, जे धाग्याशी पक्का रासायनिक बंध जोडतात, आणि नीट धुऊन न जोडलेला रंग निघून गेला की ते पुष्कळसे निरुपद्रवी असते. पण नव्या कोऱ्या सुती कपड्यात तो सुटा रंग आणि कांजी दोन्ही शिल्लक असतात. या पार्श्वभूमीवर जुन्या मऊ लुगड्याचे लंगोट व दुपटी शिवण्याच्या मराठी घरांतील प्रथेकडे पाहिले, तर तिच्यामागे काटकसर होती तशी परीक्षाही होती असे म्हणावेसे वाटते, कारण वर्षानुवर्षांच्या धुण्याने ज्याचा जायचा तो रंग गेलेला आहे असे सुती कापडच बाळाच्या अंगाला लागत असे. आजींनी आग्रहाने आणलेल्या त्या लंगोटांना विभागातील डॉक्टरांनी मान द्यावा, मात्र ते धुताना नीळ घालू नये, कपडे शुभ्र दिसावेत म्हणून घातली जाणारी पावडर वापरू नये, साबण दोन-तीन पाण्यांत पूर्ण निघू द्यावा आणि लंगोट कडक उन्हात वाळवावेत, हेही तेवढ्याच आग्रहाने सांगावे. नीळ हाही शेवटी रंगच आहे आणि पांढरेपणा वाढवणारी द्रव्ये धाग्याला चिकटून राहावीत यासाठीच बनवलेली असतात.

तरीही प्रत्येक घराला कापडाचा सल्ला देणे अन्यायाचे होईल. मुंबईच्या चाळीत दोन तास पाणी येणारे घर, बाळंतपणाची रजा संपलेली आई, पावसाळ्यात चार-चार दिवस न वाळणारे कपडे, यांचा विचार न करता दिलेला सल्ला कागदावरच राहतो, आणि दमट राहिलेला लंगोट बुरशीला आमंत्रण देतो. अशा घरांसाठी दिवसा घरी असताना कापडी लंगोट आणि रात्री व प्रवासात आतून-बाहेरून पांढरा, सुगंधविरहित डायपर अशी विभागणी चालते. पांढऱ्यातही लगदा क्लोरीन वायूने विरंजित केलेला नसावा हे पाहावे, कारण त्या जुन्या पद्धतीत डायॉक्झिन वर्गातील घातक संयुगे अंशरूपाने तयार होतात. फ्रान्सच्या अन्न, पर्यावरण व आरोग्य सुरक्षा संस्थेने जानेवारी २०१९ मध्ये डायपरविषयी जो अहवाल दिला, त्यात सुगंधी द्रव्यांबरोबर याच वर्गाच्या अंशांबद्दल चिंता व्यक्त केली होती आणि सुगंध पूर्णपणे वगळण्याची शिफारस केली होती. वापरलेले डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची पुण्यातील कचरावेचक भगिनींची विनंतीही येथेच सांगितली जाते, कारण बाळाची कातडी जपताना त्या भगिनींच्या हातांचा विसर पडणे बरे नव्हे. पाळणाघराची गोष्ट वेगळी सांगावी लागते. घरी सारे नियम पाळूनही चट्टा दर मंगळवार-बुधवारी उमटतो आणि रविवारी ओसरतो, तेव्हा चौकशीत बहुधा असे निघते की पाठवलेले डायपर संपल्यावर तेथील मावशी दुसऱ्या बाळाच्या पाकिटातला एक लावतात. त्यात त्यांचा दोष नसतो, त्यांना कोणी कारण सांगितलेले नसते, आणि एकदा सांगितल्यावर त्या घरच्यांपेक्षाही काटेकोरपणे ते पाळतात.

या सर्व कामातील खरी अडचण माहितीच्या अभावाची आहे. मोठी स्त्री ओठांना लावते त्या लाली-कांडीच्या वेष्टनावर घटकांची यादी असते आणि तीत रंगाचा सीआय क्रमांक, म्हणजे जगभरच्या रंगांची नोंद ठेवणाऱ्या कलर इंडेक्स या सूचीतील क्रमांक, छापलेला असतो. त्यावरून चिकित्सकाला तो रंग नेमका कोणता आणि कोणत्या वर्गातला हे मिनिटभरात कळते. रोज पाच या हिशेबाने दोन वर्षांत साडेतीन हजारांहून अधिक डायपर ज्या कातडीला बांधले जातात, त्यांच्या पाकिटावर मात्र आकार, बाळाचे वजन, नग, किंमत आणि चित्रे असतात, आणि रंगाचा क्रमांक शोधूनही सापडत नाही. भारतीय मानक ब्यूरोने डायपरसाठी मानक तयार केले आहे, हे स्वागतार्हच आहे. त्याच्या जोडीने प्रत्येक रंगाचा क्रमांक आणि तो कोणत्या थरात आहे याचा उल्लेख पाकिटावर सक्तीचा झाला, तर दोन-तीन आठवड्यांची वर्ज्यपरीक्षा अनेक बाळांना टाळता येईल. तोपर्यंत विभागाच्या दारावर एक सूचना लावलेली असावी: बाळाला दाखवायला आणताना डायपरचे रिकामे पाकीट, वाइप्सचे पाकीट आणि लावलेल्या प्रत्येक मलमाची ट्यूब सोबत आणावी, अंगावरचा डायपर घरी बदलून येऊ नये, आणि चट्टा सर्वांत जास्त असताना काढलेले छायाचित्र फोनमध्ये जपून ठेवावे. पाकिटावरील उत्पादन-तुकडीचा क्रमांक केसपेपरवर उतरवून घ्यावा, म्हणजे एकाच तुकडीचे दुसरे बाळ तशाच चट्ट्यासह आले तर उत्पादकाला नेमकेपणाने लिहिता येते.